काल्याच्या दिवशीचा पहारा

रिक्षा सिग्नलला थांबली नसती, तर सृष्टीनं ते वाचलं नसतं.

आठ वर्षांची पोर. तिसरीत गेल्यापासून तिला वाचायचा नादच लागला होता. दुकानांच्या पाट्या, रिक्षांच्या पाठी, औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं, काही म्हणून तिच्या तावडीतून सुटायचं नाही. रात्रभर दवाखान्यात प्लेटलेट्स चढवून मायलेकी सकाळी घरी निघाल्या होत्या. अंकिताचा डोळा लागत होता, आणि विजापूर रोडच्या चौकात बांबूंवर ताणलेला वीस फुटी फ्लेक्स सृष्टीच्या पुढ्यात आला.

"मृत्यूशी झुंज देणाऱ्या चिमुकलीसाठी," मास्कच्या आतून एकेक शब्द लावत तिनं वाचलं, "मदतीचा हात. आई, ही मीच आहे ना?"

अंकिताची झोप खाडकन उतरली.

तीच होती. गेल्या महिन्यात नाकातलं रक्त थांबेना, त्या दिवशीची. नाकात कापसाचे बोळे, हाताला सलाइन, ओठ पांढरेफटक, आणि भ्यालेले डोळे. फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात तिला बसवली होती. वरचा सगळा मुलूख मोठ्या माणसांचा: पक्षाचे मोहोळचे साहेब, साहेबांचे साहेब, आणि मधोमध हात जोडून, गॉगल लावून घरचाच चुलतदीर, 'युवा नेते' उदयसिंह. सृष्टीच्या अख्ख्या तोंडापेक्षा तो गॉगल मोठा होता.

"मृत्यूशी झुंज म्हणजे मरणाशी मारामारी ना गं?"

"तसं लिहायची पद्धत असते, बाळा."

"कुणाची पद्धत?"

सिग्नल सुटला. रिक्षावाल्यानं आरशातून एकदा पोरीकडं, एकदा फ्लेक्सकडं पाहिलं आणि घरापाशी उतरल्यावर तो पैसेच घेईना. अंकितानं ते बळंच त्याच्या हातात कोंबले. सहा महिने ती चार जणांचं घेतच आली होती, त्याची तिला लाज नव्हती. पण त्या चित्राच्या पोटी मिळालेली ही माफी तिला निखाऱ्यासारखी लागली.

सहा महिन्यांपूर्वी सृष्टीच्या हाडांतल्या मगजानं रक्त करायचं सोडलं होतं. बापाचा मगज पोरीला चढवायचा, निम्मा जुळतोय, तेवढ्यावर नेऊ, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. सरकारी योजनेतून मिळाले ते मिळाले, अंकिताचा नवरा इंद्रजीत ज्या टॉवेल कारखान्यात कामाला होता तिथल्या माणसांनी एकेका दिवसाचा पगार काढून दिला, अंकितानं गळ्यातलं मोडलं. तरी चार लाखांचं भगदाड राहिलंच, आणि ते सोमवारच्या आत बुजवायचं होतं. तोवर पोरीला गर्दीत न्यायचं नाही, साधी सर्दीसुद्धा तिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी एकदा नव्हे, दोनदा बजावलं होतं.

आणि आज कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात सप्ताहाचा शेवटचा दिवस. काल्याचं कीर्तन. सृष्टीच्या मदतीसाठी ठेवलेलं. एवढंच अंकिताला सांगितलं होतं, आणि तिला ते गोडच वाटलं होतं. कीर्तन म्हणजे तिचा जीव. टाळांचा पहिला ठेका पडला की दवाखान्याचा वास नाकातून जातो, असं ती म्हणायची. फ्लेक्सबद्दल मात्र कुणी ब्र काढला नव्हता.

देवळाला लागूनच घर, आणि देवळापुढच्या मांडवातही ष्टेजमागं तोच फ्लेक्स ताणलेला अंकितानं येतायेता पाहिला. खाली कोंडीबाआबा आणि त्यांचा मुलगा उदयसिंह; वरच्या दोन खोल्यांत, आबांच्या धाकट्या भावाच्या माघारी, त्याची बायको दगडाबाई, मुलगा इंद्रजीत, अंकिता आणि सृष्टी. भाडं नाही. "घरचीच माणसं की," असं उदयसिंह चारचौघांत म्हणायचा. चारचौघांतच जास्त म्हणायचा.

खालच्या सोप्यात सगळे जमले होते. कोंडीबाआबा कॉटवर बसून फेट्याचा पदर धरून होते. इंद्रजीत तो गुंडाळत होता. उदयसिंह दारात उभा राहून फोनवर बोलत होता, साहेब मोहोळमधून कधी निघणार. दगडाबाई पुढ्यात नवाकोरा परकर-पोलका घेऊन बसली होती.

"आली गं माझी बाय," दगडाबाईनं हात पसरले. "चल, परकर घालून घिऊ. मग केस इंचरते."

"कुठं जायचंय तिला परकर घालून?" अंकितानं विचारलं.

दगडाबाईनं मुलाकडं पाहिलं. इंद्रजीतनं फेट्याकडं पाहिलं.

"काय झालं, आत्या?" ती सासूकडं वळली. "मी विचारते, कुठं जायचंय?"

"ष्टेजवर गं. आबांच्या शेजारी. पाटावर बसवायची निस्ती, धा मिंटं. साहेब यायचेत नव्हं, त्यांच्या हातनं चेक घ्यायचा. उदय म्हनला, पोरगी दिसाया पायजे."

अंकितानं सृष्टीला खाली ठेवलं नाही. उलट कडेवर वर सरकवून घेतलं, आठ वर्षांच्या पोरीला.

"इंद्रजीत," ती म्हणाली. सासूसमोर ती नवऱ्याला नावानं कधी हाक मारायची नाही. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"अंकिता, आधी बस तरी."

"फोटो कुणी दिला त्यांना? तो रक्ताचा फोटो तुमच्याच मोबाइलमध्ये होता. मी तुम्हाला पाठवला होता, डॉक्टरांना दाखवायला."

फेट्याचा वेढा सैल पडून आबांच्या कानावर आला. इंद्रजीत म्हणाला, "मीच दिला. दादा म्हणाला, साधा फोटो चालत नाही. शाळेतला देत होतो मी. तो म्हणाला, यात पोरगी हसतीये, कोण पैसे देणार."

"आणि तुम्ही दिलात."

"चार लाख, अंकिता. सोमवारी. तू सांग दुसरं काय करू."

उदयसिंहानं फोन खिशात टाकला आणि आत आला. माणूस आडदांड, पण आवाज लोण्यासारखा, सभेत कमावलेला. "अंकिता, मी बोलतो. गैरसमज नको. सहा महिन्यांत रात्री-अपरात्री गाडी कुणाची आली? माझी. पोरीला दोनदा रक्त कुणी दिलं? मी दिलं. हितं पंधरा वर्षं झाली मला लोकांत काम करून. लोक कशाला खिशात हात घालत्यात, मला म्हाईत हाय. डोळ्यानं बघितल्याबिगर कुनी दमडी काढत न्हाय. साहेब दोन लाखांचा चेक देनार हाईत. आपल्या हातानं, ष्टेजवर. पेपरवाले यायचेत. त्यात पोरगी नसली तर साहेब चेक कुनाला देनार, बांबूला?"

"तिच्या आईला द्या की."

"आईचा फोटो कोन छापतंय?"

"म्हणजे मदत तिला नाहीच," अंकिता म्हणाली. "मदत फोटोला आहे. भावजी, तुम्ही रक्त दिलंत, मी तुमच्या पाया पडले होते तेव्हा, आजही पडेन. पण त्याच पोरीनं आज चौकात स्वतःच्या मरणाची पाटी वाचली. तिला वाचता येतं, हे तुम्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही?"

मध्येच सृष्टी म्हणाली, "मला सगळं वाचता येतं. युवा नेते पण वाचलं मी."

कीर्तनात बुवा सांगतात, राग आला की नाम घ्यावं. पण राग नामाच्याही आधी घशाशी आला, तर माणसानं काय करावं, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही. अंकिता कॉटपुढं जाऊन उभी राहिली.

"आबा, तुमचं नाव आहे फ्लेक्सवर. पन्नास वर्षं तुम्ही कीर्तनाचा रुपया घेतला नाहीत. नारळ आणि बुक्का, बास. हे तुम्हाला चाललं?"

कोंडीबाआबा अठ्ठ्याहत्तरीचे. त्यांनी डोळे बारीक केले. "मला आता लांबचं दिसत न्हाय, पोरी."

"लांबचं नाही, आबा. तुमच्या ष्टेजच्या मागंच लावलाय, डोक्यावर."

आबांनी फेटा उतरवून मांडीवर घेतला. बोलले मात्र काही नाहीत. पोटचा मुलगा होता समोर; म्हातारपणी त्याच्याच ताटात जेवायचं होतं.

"हे बघ," उदयसिंहाचा लोण्याचा आवाज आता थोडा करपला. "कार्यक्रम ठरलाय. फ्लेक्स उतरला की साहेबांची गाडी मोहोळात वळती, आन चेकबी वळतो. सोमवारी पुन्याला काय घिऊन जाशील? तुजा मान?"

हे मात्र आत जाऊन बसलं. कारण ते खरं होतं. दोन लाख म्हणजे निम्मं भगदाड. रिक्षातून घरापर्यंत तिनं स्वतःलाच तीनदा विचारलं होतं: दहा मिनिटं बसली पाटावर, तर काय होईल? आणि तिन्ही वेळा तिच्या डोळ्यांपुढं तेच आलं होतं: हजारभर माणसं खोकतायत, पोरीच्या गालांना हात लावतायत, "बिचारी गं" म्हणतायत, आणि सृष्टी सगळ्यांची तोंडं वाचतेय, पाट्या वाचते तशी.

"आत्या," ती सासूला म्हणाली, "हिला वर न्या. परकर नको. आणि कुणाला वर येऊ देऊ नका."

दगडाबाईच्या हातात परकर तसाच होता. आयुष्यभर तिनं या घरात मोठ्या जावेचं, मोठ्या दिराचं, पुतण्याचं ऐकलं होतं. ती उठली, सृष्टीला अंकिताच्या कडेवरून घेतलं, आणि परकर उदयसिंहाच्या हातात दिला.

"धर. तुज्या साहेबाला नेसव," ती म्हणाली. "मी जिन्यात बसती. बघू कोन वर येतंय."

"काकी, तुमीबी?"

"मला वाचाया येत न्हाय, बाबा. पाटीवर काय लिवलंय ते मला कुनी सांगितलंच न्हाय. मला वाटलं, पोरीचं चांगलं लिवलं आसंल."

अंकिता बाहेर पडली. नळावर पाय धुतले, पदर खोचला आणि थेट देवळात शिरली.

सप्ताहाची वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. दिवसरात्र कुणी ना कुणी ती गळ्यात घालून मारुतीपुढं उभं असतं. दोन दोन तासांचे पहारे. या पहाऱ्याचे नियम साऱ्या कॉलनीला पाठ. वीणा ज्याच्या गळ्यात, त्याच्या तोंडी फक्त नाम. संसाराचा एक शब्द काढायचा नाही. वीणेकऱ्याला हात लावायचा तो पायालाच. वीणा मागून घ्यायची, हिसकायची नाही. आणि तो देईपर्यंत समोरच्यानं थांबायचं, मग तो कोण का असेना. कीर्तनाच्या वेळी वीणेकरी बुवांच्या पाठीशी येऊन उभा राहिला की मगच पहिला टाळ वाजायचा. तोवर नाही.

सकाळचा पहारा ज्ञानूचा होता. होटगीचा हा रेल्वेतला रिटायर गँगमन, उभं राहण्यात त्याचा हात कुणी धरायचं नाही. अंकितानं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ओंजळ पुढं केली. ज्ञानूनं तिच्याकडं पाहिलं. त्यानंही सकाळी चौकातनंच येताना तो फ्लेक्स पाहिला होता. त्यानं वीणा गळ्यातून उतरवून हातात धरली, आणि मोकळ्या तोंडानं पहिलं वाक्य बोलला:

"पोरी, कवर उभी ऱ्हाशील?"

"मागचा फ्लेक्स उतरेपर्यंत. बाहेर सांगा, ज्ञानूकाका. वीणा गळ्यात आली की मला बोलता यायचं नाही."

ज्ञानूनं वीणा तिच्या गळ्यात घातली, वाकून तिच्या पायाला हात लावला, आणि तिनं तार छेडली. राम कृष्ण हरी.

दहा वाजले. मांडव भरला. टाळकरी दोन रांगांत उभे राहिले, मृदंगाला कणीक लावून झाली, कोंडीबाआबा पांढरं उपरणं घेऊन ष्टेजवरच्या गादीवर येऊन बसले. वीणा काही येईना. देवळाच्या पायरीवर अंकिता उभी होती, मांडवापासून वीस पावलांवर, डोळे मिटून, आणि तारेवरचं बोट थांबत नव्हतं.

बायकांत पुढं बसलेली मायाक्का अक्कलकोटकडची. तिचा आवाज म्हणजे फुकटचा लाऊडस्पीकर. ज्ञानूनं तिच्या कानात काय सांगितलं ते अर्ध्या मिनिटात अर्ध्या मांडवाला कळलं.

"अग्गं बाई, पोरीनं वाचलं म्हनं ते," ती सांगत होती. "आपल्याच मरनाचं. तिसरीतली पोर गं. आन हे तिला ष्टेजावर बसवनार होते, प्रदर्शनाला."

"मग पैसे कसे जमायचे?" मागून कुणी विचारलं.

"तुज्या खिशात हाईत तसे," मायाक्का म्हणाली.

उदयसिंह तरातरा पायरीकडं आला. हजार डोळे त्याच्या पाठीवर होते. वीणेसमोर आल्यावर मात्र लहानपणापासूनची सवय त्याच्या गुडघ्यांत भरली. तो वाकला, अंकिताच्या पायांना हात लावला, आणि मग ओंजळ पुढं केली.

"दे वीणा," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मी घेतो. कीर्तन आडलंय."

राम कृष्ण हरी, अंकितानं म्हटलं. तिला इतकं बोलायचं होतं, की शब्द दातांवर आपटत होते. आमच्या डोक्यावर छप्पर तुमचं, म्हणून तोंडही तुमचंच का, हे विचारायचं होतं. माझ्या पोरीच्या नाकातलं रक्त तुम्ही वीस फुटांवर ताणलंत, हे ओरडून सांगायचं होतं. पण वीणा गळ्यात होती. सगळा राग त्या तीन शब्दांच्या बारीक भोकातून बाहेर पडत होता, आणि म्हणून की काय, नामाला अशी धार आली की टाळकऱ्यांनी माना वळवून पाहिलं.

"अंकिता, लोकं बघत्यात. दे म्हनतो ना."

राम कृष्ण हरी.

त्यानं हात वर नेला. ज्ञानू मध्ये आला. "उदय, मागून घ्यायची असती वीना. न्हाय दिली तर थांबायचं."

"बाईमानसानं काल्याच्या टायमाला वीना धरायची, ही कुठली रीत?"

तेव्हा गादीवरून कोंडीबाआबा बोलले. माइक चालू होता, त्यामुळं ते साऱ्या मांडवानं ऐकलं. "वीनेला बाई-बुवा कळत न्हाय, उदय. तिला उभा ऱ्हायलेला कळतो."

"आबा, तुमी कीर्तन सुरू करा. वीना नसली तरी चालंल."

"माजं न्हाय चालत. पन्नास वर्सांत न्हाय चाललं." आबा थांबले. त्यांना दम लागला होता. "सकाळी मी म्हनलो, लांबचं दिसत न्हाय. खोटं बोललो. मला दिसत हुतं. तुला बोलायची छाती न्हवती माजी."

उदयसिंहाचा चेहरा लालभडक झाला. बापानं त्याला हजार माणसांत असं कधी उघडं केलं नव्हतं. तो वळून इंद्रजीतला शोधू लागला. इंद्रजीत मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, आबांनी उतरवलेला फेटा अजून त्याच्या खांद्यावर होता.

"इंद्रजीत, सांग तुज्या बायकोला. साहेब पाकनीपर्यंत आल्यात. दोन लाख हाईत. पोरगी तुजी हाय, माजी न्हाय."

अंकितानं डोळे उघडले. नवऱ्याकडं बघितलं. तोंडातलं नाम चालू, आणि डोळ्यांत विनवणी वगैरे काही नाही; होता तो निव्वळ राग. आज तू काय करतोस ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, असं त्या डोळ्यांत स्वच्छ लिहिलं होतं. इंद्रजीतला ते वाचता आलं.

तो महाप्रसादाच्या चुलीकडं गेला. आचाऱ्याच्या पुढ्यातून भोपळे फोडायचा कोयता उचलला. दोन-चार माणसं घाबरून उठली. तो ष्टेजच्या मागं गेला, बांबूवर चढला, आणि फ्लेक्सची पहिली दोरी तोडली.

"इंद्रजीत, तुला कळतंय का काय करतुयास?"

"फोटो मी दिला," इंद्रजीत वरूनच म्हणाला. "मीच काढतो."

दुसरी दोरी. तिसरी. फ्लेक्स एका बाजूनं लोंबला, साहेब तिरके झाले, उदयसिंहाचा गॉगल खाली आला, आणि मग सगळंच फडफडत मांडवामागं कोसळलं. इंद्रजीत उतरला, कोपऱ्यातलं सृष्टीचं चित्र कोयत्यानं कापून वेगळं केलं, घडी घालून सदऱ्याच्या आत ठेवलं. बाकीचं तिथंच राहिलं.

उदयसिंहाचा फोन वाजला. तो मांडवाबाहेर जाऊन बोलला. हात हलत होते, मान हलत होती. आत आला तो एवढंच म्हणाला, "वळले." कुणाला म्हणाला ते त्यालाच ठाऊक.

अंकिता वीस पावलं चालत आली आणि आबांच्या पाठीशी उभी राहिली. पहिला टाळ वाजला.

त्या दिवसाचं कीर्तन कॉलनीत पुढं बरेच दिवस आठवलं जात होतं. आबांनी गोपाळांच्या शिदोऱ्यांची गोष्ट लावली: कुणाचं ताक, कुणाची आंबलेली भाकरी, कुणाचं नुसतं मीठ, सगळं एकत्र कालवलं, आणि मग कुणाचं काय होतं ते देवालासुद्धा ओळखता येईना. गोष्ट त्यांनी शंभरदा सांगितली असेल. आज मध्येच थांबून ते म्हणाले, "शिदोरीवर नाव लिवलं आसतं, तर काला झाला नसता बरं का. निस्ती पंगत झाली असती." आणि पुढं गेले. पैशाचा शब्द त्यांनी काढला नाही.

अंकिता दोन तास उभी होती. रात्रभराचं जागरण, पोटात अन्न नाही, पोटऱ्यांत गोळे आलेले. राग काही निवला नाही. नामानं राग जातो म्हणतात. तिचा गेला नाही, फक्त उभा राहायला शिकला.

हंडी फुटली, काला वाटला, आणि रिवाजाप्रमाणं सप्ताहाची वीणा उतरली. आबांनी आपल्या हातांनी ती अंकिताच्या गळ्यातून काढून मारुतीपुढं ठेवली. तिचं तोंड मोकळं झालं. दरवर्षी या वेळी कुणीतरी माइकवर येऊन देणगीदारांची नावं वाचायचं: अमक्याकडून पाचशे एक, तमक्याकडून हजार एक. यादीचा कागद हातात घेऊन उदयसिंहाचा माणूस पुढं झालाच होता. अंकितानं त्याच्या हातातून माइक घेतला.

"मी सृष्टीची आई," ती म्हणाली. आवाज पार बसला होता. "माझी मुलगी आजारी आहे. तिच्या हाडांत रक्त तयार होत नाही. पुण्यात उपचार होणार आहे आणि त्याला पैसे कमी पडतायत. सकाळी दोन लाख येणार होते, ते आता येणार नाहीत. ते माझ्यामुळं गेले. मला त्याचं वाईट वाटतं, पण पश्चात्ताप नाही.

"मी मागतेय. माझी मुलगी मागत नाही. ती वर बसलीये, तिला कुणी बघायला जायचं नाही. तिचं कसं व्हायचं ते कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही, म्हणून तिच्यासमोर कुणी बिचारी म्हणायचं नाही. आज कुणाचं नाव वाचलं जाणार नाही. मी लिहूनही घेणार नाही. द्यायचं असलं तर द्या, नसलं तर प्रसाद घेऊन घरी जा. मी कुणाचं तोंड लक्षात ठेवणार नाही."

"असं मागतेत व्हय," मागून कुणी पुरुष म्हणाला. "ही तर भांडतीया."

"भांडून मागितलं तरी मागितलंच की," मायाक्का म्हणाली आणि कमरेची पिशवी सोडू लागली.

आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. पन्नास वर्षं कीर्तनात मिरवलेलं, कधी कुणापुढं न पसरलेलं. त्याचं एक टोक त्यांनी अंकिताच्या हातात दिलं, दुसरं इंद्रजीतच्या. नवरा-बायको समोरासमोर उभी राहिली. सोप्यातल्या बोलण्यानंतर अजून एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती.

माणसं येऊ लागली. अंकितानं शब्द पाळला. मान खाली घातली आणि फक्त हात पाहिले. हळदीनं पिवळी झालेली बोटं आली. मागाच्या धाग्यानं कापलेला अंगठा आला. मनगटावर बालवाडीच्या शिक्क्याची शाई असलेला हात आला. कुणी मूठ उघडली ते कळलंच नाही, कुणी दोनदा येऊन गेलं. काहींनी नुसता नमस्कार केला आणि पुढं सरकले. त्यांच्यावरही तिनं मान वर केली नाही. उपरणं जड झालं, तसं समोरून इंद्रजीतनं आपलं टोक वर उचलून धरलं.

रांग संपत आली. मग एक जाडजूड हात आला, सोन्याची अंगठी, स्टीलचं घड्याळ. हातात एक पाकीट होतं, चांगलं फुगलेलं. ते उपरण्यात पडलं आणि उताणं राहिलं. गुळगुळीत, छापील पाकीट. त्यावर हात जोडलेला उदयसिंह, गॉगलसकट, आणि खाली रंगीत अक्षरांत: सदैव आपल्या सेवेत.

अंकितानं उपरण्याचं टोक काखेत दाबलं. पाकीट उचललं, फोडलं. आतल्या नोटा काढून बाकीच्या पैशांत मिसळल्या, हातानं एकदा सारख्या केल्या, कुठली कुणाची ते आता सांगता येणार नव्हतं.

मग तिनं मान वर केली, आणि रिकामं पाकीट उदयसिंहाच्या हातात परत दिलं.